रेघ खाली यायला हवी

१२ जानेवारी १९८७, सोमवार

विमा विकणारा माणूस परवा ही डायरी ठेवून गेला. विमा आम्ही घेतला नाही. माझ्या वयाच्या बाईचा विमा उतरवला तर त्याच्याच कंपनीचं दिवाळं निघेल. डायरी कोरी करकरीत, आणि मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते आणि चोनिता लिहिते. चोनिता माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या ओफेलियाची धर्ममाता. जन्मभर चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या नोंदी करून तिचं अक्षर मोत्यासारखं झालंय आणि जीभ कात्रीसारखी. दुपारची कॉफी आणि वस्तीतल्या खबरा, एवढ्या मजुरीवर ती तयार झाली. मी बजावलंय, बोलेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. म्हणते, "मग देवाने मला व्याकरण कशाला शिकवलं?" हेही लिही म्हटलं.

तर आज शाळेतून एक मिस घरी आली. मिस हॉलिस. उंच, सडपातळ, आमच्या उन्हाने नाक सोललेलं. स्पॅनिश बोलते, पण पुस्तकात बघून शिकलेली. मला म्हणाली, "आदरणीय आजीबाई, आपली अनुज्ञा असेल तर मी आसनस्थ होऊ का?" मी म्हटलं, बस बाई, खुर्चीचा एक पाय तेवढा सांभाळ.

ती माझ्या नातीसाठी आली होती. निएवेस नऊ वर्षांची आहे. नाव ठेवलं बर्फाचं, आणि आमच्या टेक्सासच्या या टोकाला बर्फ दिसतो तो फक्त सरबतात. दिवस भरायच्या आत जन्मली. डोकं तल्लख आहे, पण पाय चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. बाप उत्तरेला बीट काढायला गेला तो तिकडेच रुजला. आई, म्हणजे माझी ओफेलिया, पपनसं भरायच्या कारखान्यात उभी असते. राहता राहिले मी.

"खेळाच्या तासाला निएवेस काय करते?" मिसने विचारलं.

"भिंतीशी बसून सगळ्यांची जॅकेटं सांभाळते," ओफेलिया म्हणाली.

"आणि फार छान सांभाळते," मी म्हटलं. "आजवर एक हरवलं नाही. पुढे बँकेत लागेल."

मिस हसली नाही. पुस्तकातल्या भाषेत चेष्टा नसते बहुतेक.

मिस विद्यापीठात मोठ्या पदवीसाठी शिकते आहे. अशा मुलांना व्यायाम आणि खेळ कसे शिकवायचे, हा तिचा विषय. म्हणाली, इतर लोक शंभर शंभर मुलं घेऊन अभ्यास करतात, माझ्या अभ्यासात एकच मूल. निएवेसची तुलना फक्त निएवेसशी. हे मला आवडलं. या पोरीची तुलना आजवर सगळ्या गावाने गावच्या पोरांशी केली.

पुढचं तिने टेबलावर बोटाने रेघ ओढून सांगितलं. आधी काहीच न करता नुसतं बघायचं. रोज पोर किती चालते त्याचा कागदावर एक ठिपका, जास्त चालली तर वर, कमी तर खाली, आणि ठिपके जोडले की रेघ. मग शिकवायचं. मग शिकवणं थांबवायचं. मग पुन्हा सुरू करायचं.

"थांबवायचं कशाला?" मी विचारलं.

"थांबवल्यावर रेघ खाली आली, तरच सिद्ध होतं की ती शिकवण्यामुळे वर गेली होती. नाहीतर कोणीही म्हणेल, मूल मोठं झालं, हवा चांगली होती."

"म्हणजे लेकराच्या हातातली साखर काढून घ्यायची आणि रडतं का ते बघायचं."

मिसचं नाक आणखी लाल झालं. "परत देणार आहे ना मी," म्हणाली.

आपल्या जिल्ह्याच्या शाळांमध्ये असा शिक्षक एकही नाही. शाळांच्या कचेरीतल्या मिस्टर सेपुल्वेदाने मिसला शब्द दिलाय, उपयोग होतो असं दाखवलंत तर पुढल्या वर्षापासून कायमचा शिक्षक नेमू. नाही दाखवता आलं, तर शाळा संपली की मिस निघून जाणार आणि निएवेस पुन्हा जॅकेटांपाशी. ओफेलियाने सही केली. तिच्या सहीखाली मीही फुली मारली. कोणी मागितली नव्हती, पण घरात मोठी मी आहे.

२० जानेवारी, मंगळवार

शाळेने मला हॉलमध्ये बाकावर बसू दिलंय. मिसने निएवेसला चाकांची एक लोखंडी चौकट दिली, ती धरून चालायची. बाकी काही नाही. पोर दहा पावलं जाते, पाय अडकतात, बसते. मिस उठवत नाही, शाबासकी देत नाही, रागावतही नाही. नुसती बघते आणि ठिपका काढते.

घरी येताना निएवेस म्हणाली, "आजी, मिसला मी आवडत नाही."

मी म्हटलं, "तिला बघायचा पगार मिळतो. मला कोणी दिला असता तर मी आज श्रीमंत असते."

४ फेब्रुवारी, बुधवार

आज ढोल आला! ढोल म्हणजे हाताएवढी ढोलकी, मिसच्या गळ्यात अडकवलेली. एक ठोका, एक पाऊल. ठोका पडेपर्यंत दुसऱ्या पायाने थांबायचं. इतके दिवस त्या दोन पायांचं भांडण चाललं होतं, आधी कोण जाणार म्हणून. आता मिटवायला तिसरा कोणी आला. निएवेस भिंतीपासून बास्केटबॉलच्या खांबापर्यंत गेली आणि पडली नाही. मी बाकावर उभी राहिले. व्यायाम शिकवणारे सर म्हणाले, "आजी, खाली उतरा, तुमच्यासाठी आमच्याकडे ढोल नाही."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मिसने कागद दाखवला. जानेवारीचे ठिपके तळाशी, सांडलेल्या घेवड्याच्या दाण्यांसारखे. आणि ढोल आल्यापासूनचे जिना चढतायत. पोर आता हॉलला पूर्ण फेरी मारते. जॅकेटं जमिनीवर पडलेली असतात आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नाही.

चोनिता म्हणते, जास्त हसू नकोस, दृष्ट लागेल. ही बाई चर्चमध्ये आयुष्य काढून दृष्टीला भिते.

१० मार्च, मंगळवार

ढोल काढून घेतला.

मिसने जानेवारीत सांगितलं होतं, मला ठाऊक होतं, तरी बघवलं नाही. ढोलकी खिडकीत ठेवलेली होती, पोरीला दिसेल अशी. निएवेस चौकट धरून उभी राहिली आणि वाट बघत राहिली. मिस कागदाकडे बघत होती. निएवेस म्हणाली, "मिस, मी तयार आहे." मिस म्हणाली, "चाल तू." एवढंच. पोर निघाली, अर्ध्यात पाय अडकले, बसली. वर मान करून मिसकडे बघितलं. मिसने ठिपका काढला.

तास संपल्यावर मिस माझ्याकडे आली. म्हणाली, या दिवसांत घरीही काही करायचं नाही. ढोल नाही, डबा वाजवायचा नाही, टाळ्या नाहीत, गाणं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी वचन दिलं.

वाटेत निएवेसने दोनदा मागे वळून शाळेकडे बघितलं. मग म्हणाली, "मी काय केलं, आजी?"

१२ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी चोनिता आणि मी बसून विचार केला.

निएवेस कालही मध्येच बसली. मिसचा चेहरा पडलेला. रेघ खाली आली तर सिद्ध होतं वगैरे ती बोलली होती खरी, पण कुठला शिक्षक मूल खाली यावं म्हणून झटतो? माणसं असं बोलतात, पडलेल्याला वाईट वाटू नये म्हणून. सेपुल्वेदाने कागद हातात घेतला आणि त्याला घसरगुंडी दिसली, तर तो म्हणणार, या लंगड्या पोरीवर पैसे कशाला घालवायचे.

चोनिता म्हणाली, "सरकारी धान्याच्या कचेरीत जाताना फाटका झगा घालायचा, शाळेत जाताना इस्त्रीचा. हे इथे कुत्र्यालाही कळतं." बरोबर आहे. कचेरी बघून रडायचं की हसायचं ते ठरवावं लागतं. धान्यवाल्यांपुढे आम्ही जन्मभर रडलो. शाळेपुढे हसायचं.

आता माझं वचन. ढोल नाही, डबा नाही, टाळ्या नाहीत, गाणं नाही. पण स्वयंपाक बंद करा असं मिस म्हणाली नव्हती. इथल्या बायका मैद्याच्या तोर्तिया लाटतात. मी सीमेच्या नदीपलीकडची, मी मक्याच्या करते, दोन तळव्यांत थापून. थाप थाप आवाज होतो तो पिठाचा दोष. आज सकाळी अंगणातल्या चुलीपाशी मी थापायला बसले. निएवेस कोंबड्यांच्या कुंपणाची तार धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही. एक थाप, एक पाऊल. कुंपणाच्या टोकापर्यंत गेली. तिथे वळली आणि म्हणाली, "आजी, आणखी किती जण जेवायला येणार आहेत?"

मी म्हटलं, "अख्खी वस्ती."

२४ मार्च, मंगळवार

रोज शाळेआधी थापते. इतक्या तोर्तिया होतात की शेजारी, त्यांचे पाहुणे, कोंबड्या, सगळे खाऊन कंटाळले. या वस्तीत यंदा कोणी बारीक राहणार नाही. खांदे भरून येतात, ओफेलियाला सांगत नाही. आणि रेघ खाली आलेली नाही! पहिल्या दोन दिवसांचे दाणे तेवढे घसरले, मग पुन्हा वर, ढोलाच्या वेळी होते तिथे. निएवेसला मी हळूच विचारलं, हॉलमध्ये कसं जमतं? म्हणाली, "तुझे हात माझ्या कानात वाजतात."

मिस आज तासानंतर बाकावर माझ्याशेजारी बसली. आता ती मला दोन्या म्हणते, म्हणजे बाईसाहेब.

"दोन्या तोमासा, घरी काही चाललंय का?"

"घरी काय चालणार, मिस? कोंबड्या आणि मी."

"ढोल? टाळ्या?"

"आमच्या घरात ढोल कुठला!"

तिने मान हलवली. ठिपक्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारी आनंदाने बोलू शकत नाही.

७ एप्रिल, मंगळवार

मिसने ढोल याच आठवड्यात परत द्यायचा होता. नाही दिला. म्हणते, विद्यापीठातले तिचे गुरुजी म्हणतात, रेघ अजून स्थिर नाही, थोडं थांब. मी समजले. पोर ढोलाशिवाय इतकं छान चालतेय तर ठिपके जितके जास्त तितकं बरं, म्हणून थांबलेत. सकाळी मी आणखी एक परात पीठ मळलं.

२१ एप्रिल, मंगळवार

ईस्टर झाला. निएवेस चर्चमध्ये माझ्या हाताला धरून बाकांच्या मधून चालत वेदीपर्यंत गेली. लोक प्रार्थना सोडून बघत होते. पाद्रीबाबासुद्धा. ओफेलिया रडली. पाद्रीबाबांच्या नव्या कारकुनाचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, असं चोनिताला लिहायचंय. लिही बाई.

ढोल अजून खिडकीतच आहे. मिस वाळली. मी तिला तोर्तियांचं पुडकं दिलं, तर म्हणाली, "किती करता तुम्ही रोज!" मी म्हटलं, "नात भुकेली असते."

६ मे, बुधवार

आज सभा होती. ओफेलियाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून चोनिता आणि मी गेलो, इस्त्रीचे झगे घालून.

मिस्टर सेपुल्वेदा आपल्यातलाच. त्याची आई माझ्याबरोबर कापूस वेचायची. त्याने उठून मला खुर्ची दिली, "दोन्या तोमासा, तब्येत कशी?" म्हणाला. मिसने कागद टेबलावर पसरला आणि इंग्रजीत बोलायला लागली. सेपुल्वेदा तिच्या रेघेवरून बोट फिरवत होता. ढोल आला तिथे बोट वर चढलं. ढोल गेला तिथे जरासं खाली आलं, मग वर, आणि तसंच सरळ शेवटपर्यंत. तो खूश झाला. माझ्यासाठी स्पॅनिशमध्ये म्हणाला, "बघा आजी, ढोल काढला तरी पोर चालतेच आहे. शिकली ती! मिसचं काम झालं."

मी टाळ्या वाजवल्या. चोनितानेही.

मग दोघं पुन्हा इंग्रजीत बोलले, चोनिताला कळलं ते असं. मिस म्हणाली, "तसा अर्थ निघत नाही. ती कशामुळे चालते आहे हे मला सांगता येत नाही. ढोल परत देऊन बघायला वेळच उरला नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, काढल्यावर रेघ खाली आली तर शिक्षकाची गरज सिद्ध होईल? आली का खाली?"

मिसने नाही म्हणून मान हलवली.

"मग जी गरज नाही तिच्यासाठी मी पगार कुठून मागू?" असं म्हणून त्याने कागदाची नीट घडी घातली. निघताना माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन, दोन्या तोमासा."

मी घरी येईपर्यंत खूश होते. दारात चोनिता म्हणाली, "तोमासा, शिक्षक नेमणार नाही म्हणाला तो." मी म्हटलं, गप्प बस, तुला ऐकू कमी येतं.

७ मे, गुरुवार

मी शाळेत गेले. मिस रिकाम्या हॉलमध्ये खोकं भरत होती. मी विचारलं. तिने सांगितलं. चोनिताला ऐकू नीट येतं.

"रेघ खाली यायला हवी होती, दोन्या तोमासा."

"पोर पडायला हवी होती?"

"थोडे दिवस."

मग मी तिला तोर्तियांचं सांगितलं. कुंपणाची तार, थाप, सगळं. ती खोक्यावर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"मी वचन घेतलं होतं तुमच्याकडून."

"तू म्हणालीस ढोल नाही. मी ढोल वाजवला नाही."

"कारण काय ते मी सांगितलं होतं. जानेवारीत."

"सांगितलं होतंस. तू तिला पाडायला येशील हे माझ्या डोक्यात शिरलं नाही, त्याला मी काय करू? तू पाडत होतीस, मी उचलून धरलं. आता चूक कोणाची ते तुझ्या कागदावर ठिपका काढून सांग."

मिस रडायला लागली. तिची पदवी वर्षभर मागे गेली, गुरुजी म्हणाले दुसरं मूल शोध. मला तिची दया आली आणि त्याच वेळी वाटलं, दुसरं मूल तरी मिळेल हिला. मी कुठून आणू?

११ मे, सोमवार

चोनिताला घेऊन सेपुल्वेदाच्या कचेरीत गेले. सांगायलाच हवं होतं. रविवारभर जेवण गेलं नाही. मी म्हटलं, "मिस्टर सेपुल्वेदा, तो कागद खोटा आहे. मी खोटा केला. पोर आपोआप चालत नाही. मी रोज सकाळी तोर्तिया थापते आणि त्या ठेक्यावर ती चालते. मी थांबले तर ती बसेल."

तो मागे रेलला. मग हसला, चांगल्या मनाने हसला, तेच वाईट.

"म्हणजे हे सगळं तुम्ही घरी केलंत? ढोलाशिवाय, शिक्षकाशिवाय?"

"हो."

"दोन्या तोमासा, मग आम्हाला शिक्षक कशाला हवा? आजी घरी स्वयंपाक करता करता जे करते त्यासाठी मी मंडळाकडे वर्षाचा पगार मागू? ते हसतील मला."

"मी म्हातारी आहे, मिस्टर सेपुल्वेदा. खांद्यात जीव राहिला नाही. मी मेले की?"

"देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो," तो म्हणाला आणि त्याने त्याच्या बाईला बोलावलं. शाळेच्या वार्तापत्रात माझा फोटो छापायचाय. हातात तोर्तिया धरून. माझी चप्पल पायातच होती हे त्याचं नशीब.

तुझ्या आईने कापूस वेचला तो असाच वेचला असता, उद्यासाठी काही न ठेवता, तर तू त्या खुर्चीत नसतास, असं मी दारात म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसावं. चोनिता म्हणते, गेलं.

२९ मे, शुक्रवार

शाळा संपली. मिस आज निरोप घ्यायला घरी आली. ढोलकी निएवेसला देऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, नको.

पोर दूर कोंबड्यांपाशी होती तेव्हा मिस हळू आवाजात म्हणाली, "ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी या मुलांची तपासणी होते. सुट्टीत मूल मागे गेलं असं तिथे दिसलं, तर जिल्ह्याला शिक्षक द्यावाच लागतो. सेपुल्वेदाची मर्जी चालत नाही, कायदाच आहे." मग घाईघाईने, "मी तुम्हाला काही करायला सांगत नाहीये."

"नाही," मी म्हटलं. "तू कधीच काही करायला सांगत नाहीस. न करायला सांगतेस."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडले. तिची गाडी जाईपर्यंत निएवेस तार धरून उभी होती.

२ जून, मंगळवार

आजपासून दुकानातल्या पाकिटातल्या तोर्तिया. पुठ्ठ्यासारख्या लागतात.

ओफेलिया म्हणाली, "आई, हात दुखतात का?" मी हो म्हटलं. तिला काही सांगितलेलं नाही. हे फक्त मला आणि चोनिताला माहीत आहे. ओफेलिया पोटच्या पोरीला असं बसवून ठेवू शकणार नाही. मी बसवू शकते का ते बघायचंय.

९ जून, मंगळवार

चोनिता आज लिहायला तयार नव्हती. म्हणाली, "हे पाप आहे." मी म्हटलं, "तू आयुष्यभर जन्मलेल्यांची नावं लिहिलीस, त्यांचं पुढे काय झालं ते कधी लिहिलंस का? आता लिही." कॉफी प्यायली नाही, पण लिहितेय.

निएवेसची खुर्ची मी कुंपणापासून हलवून घरात आणली. सकाळी निएवेस विचारते, अंगणात जाऊ या? मी म्हणते, ऊन आहे. ऊन आहेच, त्यात खोटं नाही. गाण्याचा ठेका कानावर नको म्हणून रेडिओ मी शेजारणीला दिला. पोर खिडकीशी बसून असते. काल उभी राहिली तेव्हा पाय पुन्हा पहिल्यासारखे अडकले. मिस असती तर तिने ठिपका काढला असता, अगदी तळाशी, तिला हवा होता तिथे. मला बरं वाटलं. चोनिता माझ्याकडे कशी बघतेय! लिही, तिला बरं वाटलं म्हणून लिही.

१६ जून, मंगळवार

आज सकाळी मी चुलीवर घेवडा ढवळत होते. निएवेस मागे खुर्चीत. माझ्या कानावर थाप पडली. आधी वाटलं भास झाला. वळून बघितलं तर पोर टेबलाला एका हाताने धरून उभी, दुसऱ्या हाताने आपलीच मांडी थोपटतेय. थाप, पाऊल. थाप, पाऊल. कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. जीभ दातांत धरलेली. टेबल संपलं तिथे तिने ते सोडलं आणि मधल्या मोकळ्या जमिनीवरून नुसती आली, माझ्याकडे, काही न धरता. आजवर ती कधीच काही न धरता आली नव्हती.

"बघ, आजी! मला तुझी गरजच नाही!"

असं म्हणून हसत होती. पुन्हा हात उचलला.

मी पळी खाली ठेवली. पुढे होऊन तिचा तो हात धरला. दुसराही धरला. तिला हळूच जमिनीवर बसवलं आणि शेजारी बसले, दोन्ही हात माझ्या मांडीवर दाबून.

"काय झालं? मी चुकले का?"

"नाही."

"मग सोड ना."

घेवडा करपल्याचा वास यायला लागला होता. तिने हात ओढून बघितले. पोरीच्या हातात जोर बराच आलाय, ती चौकट धरून धरून.

"आजी, हात सोड."

सोडले नाहीत. ऑगस्ट अजून लांब आहे.